परतीच्या तिकिटातील एक दाखला

अंटार्क्टिकाच्या सफरीची माहितीपुस्तिका चाळताना दृष्टी हिमनगांवर आणि पेंग्विनांवर खिळते. परतीचा मार्ग शेवटच्या पानावर दोन ओळींत आटोपलेला असतो. मार्केट यार्डातील एका भुसार व्यापाऱ्याच्या घरी मात्र चर्चा सुरू झाली ती याच दोन ओळींवरून. मुलांनी पेढी सांभाळायला घेतली होती आणि आई-वडिलांना ही सफर भेट द्यायचे ठरले होते.

बहुतेक जहाजे अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकावरील उशुआया बंदरातून सुटतात आणि ड्रेक सामुद्रधुनीतील दोन दिवसांचे हेलकावे सोसून तेथेच परततात. उशुआयाहून ब्युनोस आयर्स विमानाने सुमारे साडेतीन तास. तेथे देशांतर्गत विमान बहुधा शहरातील विमानतळावर उतरते, तर परदेशी विमाने शहराबाहेरील एसेइसा विमानतळावरून सुटतात. म्हणून मध्ये एक रात्र मोकळी ठेवणे शहाणपणाचे. पुढे साओ पाउलो, मग आदिस अबाबा किंवा दोहा आणि शेवटी मुंबई. जैन भोजनाची नोंद प्रत्येक विमान कंपनीकडे स्वतंत्र करावी लागते. जाताना ती आठवणीने केली जाते, येताना हमखास राहते.

खरी अडचण याहून मोठी होती. अर्जेंटिना, ब्राझील आणि इथिओपिया ही तिन्ही नावे भारताच्या पीतज्वरग्रस्त देशांच्या यादीत आहेत. उशुआयाच्या थंडीत हा ज्वर पसरवणारा डास टिकत नाही हे खरे, पण नियम देश पाहतो, गाव पाहत नाही. लसीकरणाचा दाखला नसलेल्या प्रवाशाला भारतात उतरल्यावर 6 दिवसांपर्यंत विलग ठेवता येते. लस शासनमान्य केंद्रातच घ्यावी लागते, दाखला 10 दिवसांनी ग्राह्य होतो आणि मग आयुष्यभर चालतो. साठीपुढील व्यक्तीने डॉक्टरांच्या सल्ल्याविना ती घेऊ नये.

हे सारे मुलाने वहीत टिपून आणले. शेवटची ओळ त्याने दबक्या आवाजात वाचली: ही लस कोंबडीच्या फलित अंड्यांमध्ये तयार होते.

आईने एवढेच विचारले, "मग तिथे जायलाच हवे का?"

वडील व्यवहारी. औषधाला अपवाद असतो, आजारपणात आपण कोणत्या गोळीचे घटक तपासतो, असे त्यांचे म्हणणे. आईचे उत्तर सरळ होते: आजार असता तर विचार वेगळा, ही तर मौज आहे. या उत्तराला तोड नव्हती. ज्याला कामासाठी पीतज्वराच्या प्रदेशात जावे लागते, त्याने लस टाळणे हा अविचारच ठरेल. सहलीची गोष्ट निराळी. प्रश्न आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी निघाला, हे विशेष. एरवी रद्द करण्याचे शुल्क पाहून अनेकांचे तत्त्व मवाळ होते.

मार्ग निघाला तो नकाशातून. काही जहाजे चिलीतील पुन्ता अरेनास येथून जातात. चिलीचे नाव त्या यादीत नाही. तेथून सांतियागो, सांतियागोहून थेट पॅरिस आणि मग मुंबई असा प्रवास लांबचा आणि महागही; पण यादीतील एकाही देशात उतरावे लागत नाही. वाढीव खर्च आईने स्वतःच्या मुदत ठेवीतून दिला. पैसे पेढीच्या चालू खात्यातून न देता वडिलांच्या बचत खात्यातून गेले, हेही योग्यच झाले: परदेशी पर्यटनासाठी उदारीकृत प्रेषण योजना व्यक्तींकरिता आहे, भागीदारी पेढीकरिता नव्हे, आणि स्रोतावर गोळा केलेला कर ज्याच्या पॅनवर जमा होतो, त्यालाच विवरणपत्रात वजा मिळतो.

सफरीत चौविहाराचा पेच पडलाच. तेथील उन्हाळ्यात सूर्य मध्यरात्रीच्या सुमारास जेमतेम टेकतो. आईने घड्याळ लावून संध्याकाळी सहाची मर्यादा स्वतःच घातली. येताना पूर्वेकडे उडणाऱ्या विमानात उलटा प्रकार झाला. जेवण येण्याआधीच खिडकीबाहेर अंधारले. ताट तसेच परत गेले.

मुंबईला आरोग्य अधिकाऱ्याने मार्ग विचारला, पारपत्रावरील शिक्के पाहिले आणि पुढे जाण्यास सांगितले. बाहेर पहाट होत होती. द्रुतगती मार्गावर खंडाळ्याच्या घाटात सूर्य वर आला. नवकारशीची वेळ होताच आईने गाडी थांबवली आणि सुनेने पाठवलेला खाखऱ्यांचा डबा उघडला.