लाखमोलाचा बावळटपणा

पत्रावर मेणाचं सील ठोकणाऱ्यांची एक नवी जमात सध्या आपल्यात वावरते आहे. ओळखायला सोपी. टेबलावर गुळगुळीत लाकडी मुठीचा पितळी ठसा, शेजारी इवलासा चमचा, आणि बरणीत रंगीत गोळ्या : शेंदरी, सोनेरी, आणि एक तो कसनुसा जांभळा. हे सगळं साहित्य ऑनलाइन मागवलेलं असतं, कुरियरनं आलेलं असतं आणि खोका फोडल्या फोडल्या मालक जाहीर करतो की, त्याला पत्रसंस्कृतीचं पुनरुज्जीवन करायचं आहे.

पुनरुज्जीवन! म्हणजे पत्र गेलं ते मेणावाचून, असं यांचं निदान. माणसांनी लिहायचं सोडलं हे किरकोळ कारण झालं.

आता प्रत्यक्ष विधी बघा. चमच्यात तीन गोळ्या टाकायच्या, चमचा पणतीएवढ्या मेणबत्तीवर धरायचा. गोळ्या वितळतात, बुडबुडे येतात, चमच्याचं बूड काळं होतं. पाकिटाच्या टोकावर तो लाल ओघळ ओतायचा, बर्फावर गार केलेला ठसा त्यात टेकवायचा आणि श्वास रोखून थांबायचं. घाईनं उचललात तर अख्खा गोळा ठशाला चिकटून वर येतो. घाई होतेच, कारण दुसऱ्या हातात मोबाइल असतो आणि या समाधीचं चित्रीकरण चालू असतं. पत्र पोस्टात पडण्याआधी त्याची पोस्ट पडते. गोपनीयतेच्या या परमोच्च प्रतीकाला चारशे अनोळखी लोक बदाम देतात, मग ते पेटीत जातं. जातं का? त्याकडे येऊच.

ठशावर काय असतं? पुष्कळदा फ्रान्सच्या राजघराण्याचं लिलीचं फूल, कारण संचात तेच फुकट येतं. गाव कराड, मुक्काम कोथरूड आणि पाकिटावर बूर्बाँ घराणं. हे फूल मिरवणाऱ्या सोळाव्या लुईचं मुंडकं १७९३ साली भर चौकात उडवलं होतं. लग्नपत्रिकेवर डकवायला याहून शुभ चिन्ह ते कोणतं?

ज्यांना फ्रेंच नको ते स्वदेशी होतात. त्यांच्या पत्रिकेवर थेट राजमुद्रा! तीही मेणात, सोनेरी, वर 'शिवकालीन परंपरा' असा दाखला. अहो, महाराजांची मुद्रा कागदावर शाईनं उमटायची. मुद्रा पत्राच्या माथ्यावर आणि मोर्तब अगदी शेवटी, म्हणजे मजकूर इथे संपला, खाली कोणी दोन ओळी घुसडू नयेत. केवढी व्यवहारी व्यवस्था ती! लाखेचा गोळा लटकायचा तो राजेरजवाड्यांच्या खलित्याला, पत्राच्या पिशवीला. पण इतकं वाचायला वेळ कुणाला आहे? गोळ्या वितळताहेत ना.

परंपरा, परंपरा म्हणून जिचा जप चालतो, ती मुळात काय होती हे एकदा बघून घेऊ. फार उदात्त असेल अशी आशा बाळगू नका. होता तो निव्वळ कंजूषपणा. इंग्लंडात १८४० पर्यंत टपालाचा दर अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरे. एका कागदाचं एक मोल, दोनांचं दुप्पट. आणि पाकीट हाही एक कागदच! तेव्हा शहाणी माणसं पाकीट वापरतच नसत. त्याच कागदाची घडी घालायची, एक टोक दुसऱ्यात खोचायचं आणि सुटू नये म्हणून वर लाखेचा टिपका. म्हणजे सील होतं ते पाकीट नव्हतं म्हणून. मग टपालसुधारक रोलंड हिलनं १० जानेवारी १८४० पासून अर्ध्या औंसाला एक पेनी असा वजनावरचा सरसकट दर आणला. पाकीट परवडू लागलं. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात पाकिटांच्या घड्या घालणारं यंत्र बघायला लोक लोटले, काठाला डिंक आला आणि लाखेचं काम संपलं. सन्मानानं निवृत्त झाली बिचारी.

आमचे पुनरुज्जीवक काय करतात? पाकीट घेतात. त्याचा डिंक ओला करतात, चिकटवतात. आणि मग वर सील लावतात. हे परंपरेचं पालन नव्हे, परंपरा न कळल्याची जाहीर कबुली आहे.

थांबा, मजा पुढेच आहे. ज्यांना चमचा, मेणबत्ती ही यातायात नको, त्यांच्यासाठी कारखान्यात ओतलेली तयार सिलं मिळतात. पाठीमागे चिकटपट्टी, कागद सोला, दाबा, झालं. चिकटवण्यासाठी जन्मलेली वस्तू आता चिकटवावी लागते. डिंकानं बंद केलेल्या पाकिटावर डिंकानं लावलेलं मेण! वेदान्तात याला काय म्हणतात ठाऊक नाही. आमच्या गल्लीत याला डोकं फिरणं म्हणतात.

बरं, हे मेण तरी मेण आहे? जुनं सील लाखेचं. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर एक किडा राळ सोडतो, तीच लाख. ती खरवडायची, गाळायची, रंगवायची, कांड्या करायच्या. झारखंड त्यात आजही आघाडीवर आहे. सोळाव्या शतकापासून युरोपची पत्रं या आपल्याकडच्या लाखेनं बंद होऊ लागली. आज आम्ही पळसाच्या देशात बसून परदेशी नावाच्या गोळ्या मागवतो, आणि त्याही पुष्कळदा लवचीक रेझिनच्या. लवचीक का? तर टपालाच्या वर्गवारी यंत्राच्या रुळांत सील तडकू नये म्हणून.

या एका वाक्यात सगळा घोटाळा आहे, म्हणून जरा रेंगाळू. लाख ठिसूळ असते. कुणी पत्र उघडलं की ती तडकते, आणि तडकली की चोरी कळते. ठिसूळपणा हा तिचा दोष नव्हता, नोकरी होती. आमचे हौशी लोक न तुटणारं सील शोधून काढतात. हे सील बारीक पातं सरकवून कागदावरून अलगद उचलता येतं आणि खाली थेंबभर डिंक लावून पुन्हा बसवता येतं. पहारेकऱ्याचा आवाज फार कर्कश म्हणून त्याची जीभ कापली आणि मग त्याच्या शांत स्वभावाचं कौतुक करत बसले.

तुम्ही म्हणाल, जाऊ द्या हो, निदान जुन्या काळी तरी सीलबंद पत्र सुरक्षित होतं. छे! अठराव्या शतकात व्हिएन्नात एक गुप्त कचेरी होती. वकिलातींचं टपाल सकाळी सातला तिथे येई. मेणबत्तीवर सील सैल करायचं, पत्र उघडायचं, हवं ते उतरवून घ्यायचं, बनावट ठशानं पुन्हा बंद करायचं. साडेनऊला टपाल पुढच्या वाटेला. अडीच तासांत अख्खा युरोप वाचून व्हायचा. आणि पत्र मिळालेला राजदूत ते सील न्याहाळून समाधानानं मान डोलवत असेल.

इंग्लंड तर सभ्यांचा देश. तिथे इटलीचा परागंदा क्रांतिकारक मॅझिनी राहत होता, तोच ज्याचं आत्मचरित्र सावरकरांनी १९०७ साली मराठीत आणलं. १८४४ मध्ये त्याला संशय आला की, आपली पत्रं कुणी फोडतंय. सिलं तर जागच्या जागी होती. मग त्यानं मित्रांना सांगितलं, पाकिटात खसखशीचे दाणे घाला, केस ठेवा. पत्रं आली, दाणे गायब! संसदेत गहजब झाला. गृहमंत्री जेम्स ग्रॅहम यांच्या हुकमानं टपालखातंच पत्रं उघडत होतं. राजचिन्हांकित लाखेला जे जमलं नाही ते खसखशीनं करून दाखवलं. तुम्हाला सुरक्षितताच हवी असेल तर वाण्याकडे जा, ठसेवाल्याकडे कशाला?

आणि आजचं काय? १८९८ च्या टपाल कायद्यात सरकारला पत्र अडवायचा अधिकार होता. त्याच्या जागी आलेला २०२३ चा कायदा जून २०२४ पासून लागू आहे, त्याच्या नवव्या कलमात तो अधिकार अजूनही आहे. ज्याला वाचायचं आहे तो तुमचं लिलीचं फूल बघून माफी मागून परत जाईल, असं खरंच वाटतं तुम्हाला?

मेण आणि टपाल यांचं जमत नाही, हा धडा तर आपल्याच इलाख्यात गिरवून झालाय. १८५२ साली सिंध मुंबई इलाख्यात होता आणि तिथला कमिशनर होता बार्टल फ्रियर, पुढे मुंबईचा गव्हर्नर होऊन फोर्टची तटबंदी पाडणारा. त्यानं अर्ध्या आण्याचं 'सिंध डाक' तिकीट काढलं, आशियातलं पहिलं. पहिली आवृत्ती लाल लाखेच्या थरावर उठवलेली. दिसायला देखणी, हाताळली की तुकडे. साहेबानं काय केलं? निमूटपणे कागदावर आला. ब्रिटिश नोकरशाहीला जे १८५२ मध्ये कळलं, ते आमच्या 'हस्तलेखन व मेणमुद्रा कार्यशाळे'ला अजून कळायचं आहे.

म्हणून आता आमचे लोक काय करतात? आता येतो मघाच्या प्रश्नाकडे. ते सीलबंद पाकीट पेटीत टाकत नाहीत. ते दुसऱ्या, मोठ्या पाकिटात घालतात, त्याला पारदर्शक टेप मारतात, ते कुरियरच्या प्लॅस्टिक पिशवीत जातं. का? सील खराब होऊ नये म्हणून! पत्राचं रक्षण करायला सील आणलं आणि आता सिलाच्या रक्षणाला दोन पहारेकरी.

खरं काम करणारी लाखही मी बघितली आहे. विमा केलेलं पार्सल : मांजरपाटात शिवलेलं, शिवणीवर काळपट तपकिरी लाखेचे थेंब, प्रत्येक थेंबावर पाठवणाऱ्याची खासगी खूण. कुरूप दिसायचं. जळक्या राळेचा वास, बोटाला हमखास चटका. पण आत कुणाच्या तरी मुलीचे दागिने असायचे, आणि शिवण उसवली तर लाख बोंब मारायची. त्या माणसानं सिलाचा फोटो काढला नाही. त्याला पोचपावती हवी होती.

उरला शेवटचा बचाव : "पण छान दिसतं हो! पर्सनल टच!" पर्सनल टच म्हणजे कारखान्यात ओतलेलं, हजारो घरांत तेच असलेलं फूल. आणि आत काय? मी अशी पाकिटं उघडली आहेत. जाडजूड हातकागद, वाळवलेलं एक फूल, आणि संगणकावर छापलेलं निमंत्रण, ज्याची पीडीएफ आठवडाभर आधी व्हॉट्सॲपवर आलेली. हस्तलिखित असलंच तर सुविचार, तोही इंग्रजीत. लपवण्यासारखं एक अक्षर नाही. ना कुणाची निंदा, ना उसने पैसे, ना भानगड, ना धड प्रेम. नाकापेक्षा मोती जड म्हणावं, तर इथे नाकाचाच पत्ता नाही.

सील लागायचं ते तिसऱ्यानं वाचू नये अशा मजकुराला. तेव्हा आधी तसं काही लिहा. मावशीला सांगा की, वाटणीत मामानं तुम्हाला फसवलं. जुन्या मित्राला सांगा की, तो अलीकडे असह्य झालाय. जिच्यावर जीव आहे तिला ते लिहा, जे वाचून ती दार लावून घेईल. मग पाकिटाला डिंक लावा, नाही तर भात चोळा, आणि खुशाल पेटीत टाका. वाटेत कुणी फोडून वाचलंच तर वाचू द्या. मराठीला तेवढाच एक वाचक मिळाला.