तीक्ष्णतेच्या बखरी : छोटे फिल्म कॅमेरे आणि 'सर्वांत शार्प लेन्स'ची दंतकथा

१/ जुन्या छोट्या फिल्म कॅमेऱ्यांचा बाजार सध्या तेजीत आहे. त्या बाजारात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो : सर्वांत 'शार्प' लेन्स कोणत्या कॅमेऱ्याची? उत्तरादाखल 'पहिल्या दहां'च्या याद्या फिरतात आणि त्या याद्यांवरून किमती ठरतात. माझे म्हणणे स्पष्ट आहे : यांतील बहुतेक याद्या पुरावा म्हणून उभ्याच राहू शकत नाहीत. कारणे या धाग्यात. #धागा #इतिहास

२/ आधी पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडतो. लेन्सांमध्ये फरक नसतोच, असे मी म्हणत नाही. १८९३ मध्ये इंग्लंडच्या यॉर्क शहरात डेनिस टेलर यांनी तीन भिंगांची 'कुक ट्रिप्लेट' रचली. १९०२ मध्ये झाइस कंपनीत पॉल रुडॉल्फ यांनी चार भिंगांची 'टेसार' सिद्ध केली. पुढच्या शतकातील असंख्य छोट्या कॅमेऱ्यांच्या लेन्स याच दोन घराण्यांतल्या आहेत.

३/ या घराण्यांतला फरक एकाच कुटुंबात पाहायचा असेल, तर रोलाय ३५ घ्या. हाइन्झ वास्के यांच्या आराखड्यावरून १९६६ मध्ये आलेला हा जर्मन कॅमेरा मुठीत मावतो. मूळ कॅमेऱ्यात टेसार, १९७४ च्या 'एस' आवृत्तीत पाच भिंगांची सोनार आणि स्वस्त भावंडांत तीन भिंगांची ट्रायोटार. ॲपर्चर पूर्ण उघडे ठेवले, तर चित्राच्या कोपऱ्यांत ट्रायोटार मागे पडते. हा फरक खरा आहे, आणि तो मला मान्य आहे.

४/ आता उत्तरपक्ष. फरक आहे की नाही, हा प्रश्नच नव्हे. तो फरक कोठे दिसतो, किती दिसतो आणि दाखवणारा तो कशावरून दाखवतो, हे तीन प्रश्न आहेत. याद्या करणारे या तिन्ही प्रश्नांना बगल देतात. म्हणून थोडा हिशेब करू. हिशेब सोपा आहे. शाळेतल्या गुणाकार-भागाकारापलीकडे काहीही लागत नाही.

५/ ३५ मिमी फिल्मची चौकट २४ × ३६ मिमी. त्यावरून १० × १५ सेंमीचा, म्हणजे आपल्या अल्बममधला नेहमीचा फोटो काढायचा, तर चित्र सुमारे सव्वाचार पट मोठे होते. हातात धरलेल्या फोटोवर डोळ्याला दर मिलिमीटरला ढोबळमानाने ५ ते ६ रेषाजोड्या वेगळ्या दिसतात. म्हणजे फिल्मवर दर मिलिमीटरला २५ रेषाजोड्या उतरल्या की काम झाले. मधल्या ॲपर्चरवर हे काम कोणतीही बरी टेसार वळणाची लेन्स आरामात करते.

६/ तो फोटो चौपट मोठा करून दिवाणखान्याच्या भिंतीवर लावला आणि नाक लावून पाहिला, तर फरक दिसू लागेल, हे खरे. पण याद्या वाचणाऱ्यांपैकी किती जण तसे करतात? आज बहुतेकांची निगेटिव्ह लॅबमधून स्कॅन होऊन थेट मोबाइलवर येते. तेव्हा आता त्या स्कॅनचा हिशेब पाहू. सगळ्या प्रकरणाची खरी गंमत तिथेच आहे.

७/ अनेक लॅब जी लहान आकाराची स्कॅन देतात, तिच्या लांब बाजूला सुमारे १८०० पिक्सेल असतात. ते ३६ मिमीवर पसरले, म्हणजे दर मिलिमीटरला ५० पिक्सेल. एक रेषाजोडी दाखवायला किमान दोन पिक्सेल हवेत. म्हणजे अशी स्कॅन २५ रेषाजोड्यांपलीकडे काही दाखवूच शकत नाही. तेच चित्र १०८० पिक्सेलवर आणून टाकले, तर मर्यादा १५ वर येते. त्याखेरीज स्कॅनरमधील सॉफ्टवेअर कडा आपोआप धारदार करते, ते वेगळेच.

८/ याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. मोबाइलच्या पडद्यावर दोन कॅमेऱ्यांची चित्रे शेजारी ठेवून 'पाहा, ही लेन्स वस्तऱ्यासारखी' असे जो सांगतो, तो लेन्सची तुलना करतच नसतो. तो दोन स्कॅनची, दोन दिवसांच्या उन्हाची, दोन रोलांची आणि स्वतःच्या दोन वेळच्या हाताच्या कंपाची तुलना करत असतो. आणि त्या बेरजेला नाव मात्र लेन्सचे देतो.

९/ फोकसचे पाहा. मूळ रोलाय ३५ मध्ये अंतर मोजण्याची सोय नाही. ते डोळ्याने अदमासून कडीवर लावायचे. ४० मिमीची लेन्स, ॲपर्चर ३.५, फोकस दोन मीटरवर : रूढ निकषाने साधारण पावणेदोन ते २.३ मीटर एवढाच पट्टा स्पष्ट येतो. अंदाज वीतभर जवळचा चुकला की टेसार असो वा सोनार, चेहरा मऊच येणार. मग दोष लेन्सचा की अंदाजाचा?

१०/ स्वयंचलित कॅमेऱ्यांत अडचण निराळी. १९७७ चा कोनिका सी३५ एएफ हा मोठ्या प्रमाणावर निघालेला पहिला ऑटोफोकस कॅमेरा. त्या पिढीचे कॅमेरे चौकटीच्या मधोमध पाहून अंतर ठरवत. दोन माणसे शेजारी उभी केली आणि मधून भिंत दिसली, तर माणसे धूसर आणि भिंत मात्र सुरेख! ज्यांनी घरचे जुने अल्बम चाळले आहेत, त्यांना असा एक तरी फोटो नक्की आठवेल.

११/ आता सर्वांत गाजलेली जोडी : याशिका टी४ आणि कॉन्टॅक्स टी२. दोन्ही जपानच्या क्योसेराची, दोन्ही १९९० च्या सुमाराची. टी४ ला प्लास्टिकची काया आणि ३५ मिमीची झाइस टेसार, म्हणजे १९०२ चीच कल्पना नव्या काचेत आणि नव्या लेपासह. टी२ ला टायटॅनियमचे कवच आणि ३८ मिमीची सोनार. टी२ वर ॲपर्चर आपण निवडू शकतो. टी४ वर ते कॅमेराच निवडतो, आणि काय निवडले हे सांगतही नाही.

१२/ मग या दोघांच्या तुलनेत टी४ ची लेन्स कोणत्या ॲपर्चरवर होती, हे तुलना करणाऱ्याला तरी ठाऊक असते काय? नसते. ऑलिंपस म्यू-२ चे तेच. एका लेन्सला ८ वर तपासायचे, दुसरीला कदाचित ३.५ वर, आणि निकाल सुवर्णाक्षरांत लिहायचा! इतिहासाच्या वर्गात असा पुरावा कोणी आणला, तर पहिल्या पाच मिनिटांत त्याची उलटतपासणी होईल.

१३/ 'मग लेन्सची कीर्ती नेहमी खोटीच असते का?' नाही. १९५० मध्ये 'लाइफ'चे छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन टोकियोत होते. जुन मिकी या जपानी छायाचित्रकाराने ८.५ सेंमीच्या निक्कोर लेन्सवर त्यांचा फोटो टिपला. तो पाहून डंकन चकित झाले, निप्पोन कोगाकूच्या कारखान्यात गेले, लेन्स तपासून घेतल्या आणि त्याच घेऊन कोरियाच्या युद्धावर गेले. डिसेंबर १९५० मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने त्या लेन्सांची दखल घेतली.

१४/ येथे कीर्तीमागची साखळी पाहा. नाव असलेला साक्षीदार, प्रत्यक्ष तपासणी, युद्धभूमीवरचा वापर, आणि मोठ्या आकारात छापणारे साप्ताहिक. चुकीचे असेल तर खोडून काढता येईल, असे ते विधान होते. आता शेजारी २०१७ ठेवा : अमेरिकेतील एका लोकप्रिय टीव्ही कार्यक्रमात केंडल जेनर या मॉडेलने आपला कॉन्टॅक्स टी२ दाखवला आणि त्या कॅमेऱ्याच्या किमती भडकल्या. सोनारच्या एकाही भिंगात त्या रात्री बदल झाला नव्हता.

१५/ क्योसेराने २००५ मध्ये कॉन्टॅक्सचा व्यवसाय आवरता घेतला. त्यामुळे पुरवठा ठरलेला आणि मागणी वाढती. किंमत चढणारच, बाजाराचा तो साधा नियम. माझा आक्षेप किमतीला नाही. चढलेल्या किमतीला मागाहून 'तीक्ष्णते'चे कारण चिकटवले जाते, त्याला आहे. आधी राजा गादीवर बसतो आणि मग त्याची वंशावळ लिहून घेतली जाते. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना हा प्रकार काही नवा नाही.

१६/ आपल्याकडे या रोगाचे औषध जुने आहे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला आणि अस्सल पत्रे पुढे ठेवून बखरींतले घोटाळे दाखवले. बखर वाचू नये, असा त्याचा अर्थ नव्हे. कोणी लिहिली, घटनेनंतर किती वर्षांनी, कोणासाठी, हे विचारल्यावाचून तिच्यावर विसंबू नये, एवढाच अर्थ आहे.

१७/ तेच प्रश्न लेन्सच्या तुलनेला लावा. कोणती फिल्म? तिपाईवर की हातात? ॲपर्चर किती? फोकस कसा तपासला? निगेटिव्ह कशावर आणि किती पिक्सेलला स्कॅन केली? त्या मॉडेलचे किती कॅमेरे तपासले? तीस वर्षे पडलेला, कधी तरी खाली आपटलेला, भिंगात बुरशी धरू लागलेला एकच नग म्हणजे ते मॉडेल नव्हे. आणि शेवटचा प्रश्न : सांगणाऱ्याला तोच कॅमेरा विकायचा तर नाही ना?

१८/ याद्यांचा दुसरा अपराध मला अधिक लागतो. छोट्या कॅमेऱ्यांचा इतिहास हा मुळात स्वस्ताईचा इतिहास आहे, आणि याद्या तो पुसून टाकतात. ऑलिंपसमधील तरुण अभियंते योशिहिसा माइतानी यांना सुमारे ६,००० येनमध्ये बसणारा कॅमेरा करायचा होता. त्यातून १९५९ मध्ये ऑलिंपस पेन आला. फिल्म वाचावी म्हणून त्याची चौकट अर्धी ठेवली होती : १८ × २४ मिमी.

१९/ चौकट अर्धी, म्हणून तोच १० × १५ चा फोटो काढायला चित्र सव्वासहा पट मोठे करावे लागणार. म्हणजे ज्याच्याकडे पैसे कमी, त्यालाच चांगल्या लेन्सची गरज जास्त! माइतानींनी हे ओळखले. लेन्सवर तडजोड नाही, असे ठरवून चार भिंगांची टेसार वळणाची लेन्स घेतली आणि काटकसर इतर भागांत केली. येथे तीक्ष्णता ही मिरवण्याची वस्तू नव्हती. सामान्य गिऱ्हाइकाचा तो हक्क होता.

२०/ त्याच माइतानींचा १९७९ चा ऑलिंपस एक्सए खिशात मावावा म्हणून सरकत्या झाकणाचा आहे. लेन्स पूर्ण उघडी असता त्याच्या चित्राचे कोपरे काळवंडतात. यादीकर्ते याचे गुण कापतात. पण कॅमेरा घरी कपाटात न राहता खिशात राहावा, यासाठी मोजलेली ती किंमत होती, आणि मोजणाऱ्याने ती जाणून मोजली होती. हेतू न पाहता गुण देणे याला परीक्षा म्हणत नाहीत.

२१/ 'हौसेला मोल नसते, तुला काय त्याचे?' असे कोणी विचारील. हौस जरूर करावी. टायटॅनियमचे कवच हाताला सुखावते, जुने यंत्र जपण्यात आनंद आहे, हे मलाही कळते. 'मला तो आवडतो' हे वाक्य पुरेसे आणि सन्माननीय आहे. त्यावर विज्ञानाचा शिक्का मारून ते शिष्यवृत्तीवर जगणाऱ्या विद्यार्थ्याला विकू नये, एवढेच मागणे आहे.

२२/ कारण तो विद्यार्थी मी होतो. दीड महिन्याची शिष्यवृत्ती घालून यादीतला एक कॅमेरा घेतला. त्याचे नाव सांगत नाही. दोष त्याचा नव्हता. तीन रोल उत्तम आले. मित्राच्या साध्या कॅमेऱ्याचे आणि माझे फोटो मिसळून वसतिगृहात दाखवले, तर कोणता कोणाचा हे सांगताना मी स्वतः निम्म्याहून अधिक वेळा चुकलो. तरीही माझी श्रद्धा ढळली नाही.

२३/ चौथा रोल दिवाळीत गावी घातला. आवाज नेहमीसारखा येत होता, पण आत शटर उघडतच नव्हते. रोल धुऊन आला तो कोरा. दुरुस्ती करणाऱ्या काकांनी कॅमेरा परत देत सांगितले, 'बाळा, याची पाटी जळली. हिचा सुटा भाग आता निघत नाही.' ती आजीची शेवटची दिवाळी होती.

२४/ त्या दिवशी चुलत बहिणीने फोकस लावण्याची सोयच नसलेल्या प्लास्टिकच्या कॅमेऱ्याने एक फोटो काढला होता. कोपरे मऊ आहेत, कंदिलाच्या कडा पसरल्या आहेत. आजी पणतीत तेल ओतते आहे, हे मात्र स्वच्छ दिसते. आज घरातल्या भिंतीवर तो आहे. कोणत्याही यादीत त्या कॅमेऱ्याचे नाव सापडणार नाही.

२५/ तात्पर्य : कॅमेरा घेताना शटर चालते का, फोकस लागतो का, दुरुस्त होईल का, हे आधी पाहा. लेन्सची कीर्ती त्यानंतर, आणि तीही साक्षीदार तपासून. ज्यांच्याकडे एकाच फिल्मवर, तिपाईवरून, ॲपर्चर नोंदवून केलेल्या तुलना असतील, त्यांनी त्या खाली जरूर जोडाव्यात. माझे म्हणणे खोडून निघाले, तर तेही याच धाग्यात नोंदवीन. धागा समाप्त.