विश्लेषण : महाकाय टेबल दाबायचे, पण कसे?

अब्जावधी नोंदींनी टेबल फुगले की नवी डिस्क घेण्याआधी डेटा कॉम्प्रेशनचा पर्याय पुढे येतो. पण सरसकट सर्वांत कडक पद्धत लावणे अंगलट येऊ शकते. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये २००८च्या आवृत्तीपासून दोन पद्धती आहेत. ‘रो’ पद्धत प्रत्येक आकड्याला लागेल तेवढीच जागा देते. प्रोसेसरवर ताण कमी. ‘पेज’ पद्धत ८ केबीच्या पानात वारंवार येणारी मूल्ये एकदाच साठवते. जागा अधिक वाचते, पण प्रोसेसर अधिक राबतो.

म्हणून दिवसभर बदलणाऱ्या नोंदींना ‘रो’ पुरे. फक्त वाचल्या जाणाऱ्या जुन्या नोंदींना ‘पेज’. टेबलाचे तारखेनुसार भाग पाडले, तर प्रत्येक भागाला वेगळी पद्धत लावता येते. आधीच दाबलेली छायाचित्रे मात्र आणखी आक्रसत नाहीत.

निर्णय अंदाजपंचे नको. नमुना तपासून बचतीचा अंदाज देणारी सोय याच सॉफ्टवेअरमध्ये आहे. टेबल नव्याने बांधताना तात्पुरती जादा जागा लागते; डिस्क काठोकाठ भरेपर्यंत थांबणाऱ्यांना तीच मिळत नाही. वाचलेल्या जागेबरोबर उत्तराला लागणारा वेळही मोजायला हवा. ग्राहकाला खोळंबवून वाचवलेली जागा महागच पडते.