नाव मिळाले; ओळख पटली का?

जुलै महिन्यात जबलपूरजवळ बरगी धरणाच्या जलाशयाकाठी, सागाच्या विरळ रानात, एक वनस्पती दिसली. कमरेएवढ्या उंचीचा ठिपकेदार दांडा आणि त्यावर छत्रीसारखे पसरलेले, अनेक खंडांत विभागलेले एकच पान. खोड वाटणारा तो दांडा म्हणजे वस्तुतः पानाचा देठ. खरे खोड जमिनीखालचा कंद. मोबाइलवरील ॲपला छायाचित्र दाखवताच उत्तर आले : अमॉर्फोफॅलस कम्युटेटस. म्हणजे पावसाच्या आरंभी ठाणे-रायगडच्या बाजारात भाजीसाठी येणारा शेवळा.

मी देठावरून बोट फिरवले. तो खरखरीत होता. शेवळ्याचा देठ गुळगुळीत असतो. असा खरखरीत, बारीक पुटकुळ्यांचा देठ सुरणाचा, म्हणजे अमॉर्फोफॅलस पिओनिफोलियसचा. शिवाय शेवळा हा प्रामुख्याने पश्चिम घाट आणि त्याच्या परिसरातला रहिवासी. कॅमेऱ्याने ठिपके टिपले; स्पर्श आणि स्थळ त्याच्या हिशेबातच नव्हते.

मी वनस्पतिशास्त्रज्ञ नाही, भौतिकशास्त्राचा संशोधक आहे. परंतु आमच्या विषयात पहिल्याच वर्षी एक शिस्त लावली जाते : मापन कोणत्या परिस्थितीत केले हे नोंदवले नसेल, तर हाती आलेला आकडा निरर्थक. वनस्पतीच्या नावालाही हाच नियम लागू व्हावा, असे माझे मत आहे.

सुरणकुलात, म्हणजे ॲरेसी कुलात, ही गरज विशेष तीव्र आहे. या कुलात साडेतीन हजारांहून अधिक प्रजाती आहेत. त्यांतील अमॉर्फोफॅलस या प्रजातिसमूहात फूल आणि पान सहसा एकत्र दिसतच नाहीत. पावसाच्या तोंडावर कंदातून थेट पुष्पविन्यास वर येतो, काही दिवस सडक्या मांसासारखा दुर्गंध पसरवून कीटकांना बोलावतो आणि कोमेजतो. पान त्यानंतर येते. ओळखीच्या निर्णायक खुणा बहुधा त्या अल्पायुषी पुष्पविन्यासात असतात. जुलैत गेलेल्याला पान भेटते, जूनमध्ये गेलेल्याला फूल. दोन्ही एकाच वनस्पतीची आहेत हे सांगायला त्याच जागी पुन्हा जाणारा माणूस लागतो. त्यातच या मांसल वनस्पती दाबून वाळवल्या की रंग व आकार हरवतात. म्हणून नमुन्यासोबतची लेखी नोंद नमुन्याइतकीच मोलाची ठरते.

ॲप निरुपयोगी आहे, असे माझे म्हणणे नाही. त्याने मला योग्य प्रजातिसमूहापर्यंत क्षणात पोहोचवले. परंतु ज्याला पूर्वी कोणी नाव दिले आहे, तेच ते ओळखू शकते. अमॉर्फोफॅलस कोंकणेन्सिस ही प्रजाती हेटरशाइड, एस. आर. यादव आणि के. एस. पाटील यांनी १९९४ साली नोंदवली. एखाद्या दूरच्या, दुर्गम अरण्यातून नव्हे, आपल्या कोकणातून! अशा वेळी जवळचे नाव चिकटवून मोकळे होणारे यंत्र नव्या प्रजातीला जुन्या नावाखाली पुरून टाकेल.

आता बरगीच्या त्या सुरणाकडे परत येऊ. नाव मिळाले, तरी मुख्य प्रश्न उरतोच : ही वनस्पती रानातली की कोणाच्या परसातली? नर्मदेवरील हे धरण १९९० मध्ये पूर्ण झाले. जबलपूर, मंडला आणि सिवनी जिल्ह्यांतील १६२ गावे त्याने बाधित झाली. पाणी चढले तशी अनेक कुटुंबे लगतच्या टेकड्यांवर सरकली. सुरण हे लागवडीचे पीक आहे. कंदाचा एक तुकडाही नव्या जागी रुजतो. तेव्हा जलाशयाकाठचे हे झाड मूळच्या जंगलाचा अवशेष असेल, किंवा बुडालेल्या एखाद्या अंगणाचा. छायाचित्र दोन्ही बाबतींत तेच दिसेल. उत्तर मिळालेच, तर अधिवासाच्या नोंदीतून मिळेल : जमीन कोणती, सावली किती, आसपास कोणती झाडे, जवळ जुनी वस्ती होती का, आणि तिथल्या वृद्धांना काय आठवते.

म्हणून दोन आग्रह. विद्यार्थ्यांनी छायाचित्रासोबत तारीख, नेमके ठिकाण, अधिवास, स्पर्श आणि गंध यांची नोंद ठेवावी, आणि दुसऱ्या ऋतूत तिथे पुन्हा जावे. (चव मात्र घेऊ नये, या कुलातील अनेक वनस्पतींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि ते घसा सुजवतात.) धोरणकर्त्यांनी वर्गीकरणशास्त्राला जुनाट छंद समजणे सोडावे. महागड्या उपकरणासाठी आपण निधी मागतो, तसाच तो वनस्पतिसंग्रहालयांसाठी आणि तिथे बसून नमुने तपासणाऱ्या माणसांसाठीही मागितला पाहिजे. जनुकीय अनुक्रम काढला तरी तो ताडून पाहायला खात्रीने ओळखलेला नमुना लागतोच.

जलाशयाखाली गेलेल्या जमिनीवर काय उगवत होते, हे आता तिथे जाऊन पाहता येणार नाही. कोणीतरी तारीख आणि ठिकाण लिहून ठेवलेल्या नमुन्यांतच त्याचा काही अंश उरला असेल. पुढचे पाणी चढण्याआधी, पुढचा रस्ता होण्याआधी आपण काय लिहून ठेवले आहे?