यवतमाळचे शिवार आणि बासलचे न्यायालय

2017 च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. सप्टेंबर 2020 मध्ये 51 बाधित कुटुंबांच्या वतीने सिंजेंटा कंपनीविरुद्ध स्वित्झर्लंड सरकारकडे तक्रार गेली. मृतांपैकी दोघांच्या विधवा आणि वाचलेला एक शेतकरी यांनी तर बासल शहरातील न्यायालयाचे दार ठोठावले. आपल्या औषधामुळे ही बाधा झाल्याचे कंपनीने नाकारले.

आमच्या माणसांना न्यायासाठी सातासमुद्रापार का जावे लागले? जगात कायदा नाही काय? कायदा आहे, पण तो आपल्या पायांनी चालत शिवारात येत नाही, हे बहुजन समाजाने नीट समजून घेतले पाहिजे.

आंतरराष्ट्रीय कायदा मुख्यतः राष्ट्राराष्ट्रांतील करारांचा आणि रूढींचा बनलेला असतो. हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा राष्ट्रच लढवू शकते; शेतमजूर नव्हे. 51 कुटुंबांची तक्रार होती ती बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांखाली. तेथे मध्यस्थी होते, शिक्षा होत नाही. बासलचा दावा मात्र स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय कायद्याखालचा आहे. म्हणजे दाद मिळण्याची आशा अखेर कोणत्या तरी देशाच्या कायद्यातच शोधावी लागली!

कीटकनाशकांसाठी रॉटरडॅम करार आहे. तो 1998 मध्ये झाला, 2004 मध्ये अंमलात आला आणि 2005 मध्ये भारत त्यात सामील झाला. पण तो विषावर बंदी घालत नाही. यादीतील रसायन पाठवण्यापूर्वी घेणाऱ्या देशाची संमती घ्या, एवढेच तो सांगतो. बासलच्या दाव्यातील 'पोलो' या औषधाचा घटक डायफेन्थियुरॉन त्या यादीत नाही. स्वित्झर्लंडने मात्र स्वतःच्या अधिकारात 1 जानेवारी 2021 पासून त्याची निर्यात बंद केली. आपल्याकडे 1968 च्या कीटकनाशक कायद्याचे कलम 27 राज्य सरकारला 60 दिवसांची तात्पुरती बंदी घालू देते. ती फार तर आणखी 30 दिवस वाढते. कायमच्या बंदीसाठी दिल्लीकडेच पाहावे लागते.

मग आपले संविधान काय सांगते? कलम 51 सांगते की, राज्याने आंतरराष्ट्रीय कायदा व करार यांविषयी आदरभावना जोपासावी. कलम 253 करारांच्या अंमलबजावणीसाठी संसदेला कायदा करण्याचा अधिकार देते. पण कलम 51 मार्गदर्शक तत्त्वांत येते. केवळ त्याच्या बळावर न्यायालयात दाद मागता येत नाही. सरकारने करारावर सही केली म्हणून तो आपोआप देशाचा कायदा होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात स्पष्ट केले.

तरीही दार पूर्ण बंद नाही. 1997 च्या विशाखा निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेऊन, देशात कायदा नसतानाही कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध बंधनकारक नियम घालून दिले. मूलभूत हक्कांशी सुसंगत करार त्या हक्कांचा अर्थ लावताना वापरता येतो, हे त्याचे सार. संसदेचा कायदा यायला मात्र 2013 साल उजाडले. सोळा वर्षे!

बाबासाहेबांनी घटनात्मक उपाययोजनेच्या कलमाला संविधानाचा आत्मा म्हटले ते उगाच नव्हे. दाद मागण्याची सोय नसलेला हक्क कागदावरच राहतो. शेतीतील सुरक्षिततेविषयीचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 184 क्रमांकाचा करार 2001 मध्येच झाला. विषाची माहिती आणि संरक्षणाची साधने हा शेतमजुराचा हक्क असल्याचे तो मानतो. भारताने तो स्वीकारलेला नाही.

तो स्वीकारा आणि कलम 253 खाली त्याचा कायदा करा, ही मागणी आता गावागावांतून झाली पाहिजे. पाठीवर पंप घेणारा हात बहुधा भूमिहीनाचाच असतो. त्याला बासलला जावे लागू नये. यवतमाळच्या न्यायालयातच दाद मिळावी. आमच्या मते कलम 51 चा खरा आदर तोच!