हिरवे पाणी उकळून सुरक्षित होत नाही

पाणी उकळून प्या, असे आम्ही नेहमी सांगतो आणि पुढेही सांगू. उकळल्याने कॉलरा, कावीळ, जुलाबाचे जंतू मरतात. पण तलावावर हिरव्या रंगासारखा दाट तवंग आला असेल, तर हा उपाय पुरत नाही. उलट धोका वाढतो.

हा तवंग बहुतेक वेळा निळ्या-हिरव्या शैवालाचा असतो. नाव शैवाल, पण हे जिवाणूच आहेत. गोड्या पाण्यात त्यांना बहुधा फॉस्फरसच कमी पडतो. सांडपाणी आणि शेतातले खत वाहून आले की ती उणीव भरून निघते आणि उन्हात, संथ पाण्यात ते झपाट्याने वाढतात. त्यातील काही मायक्रोसिस्टिन नावाचे विष तयार करतात. हे विष उकळण्याच्या उष्णतेने मोडत नाही. पेशी मात्र फुटतात, आतले विष पाण्यात उतरते आणि पाणी आटेल तसे ते दाट होते. पोटातून ते यकृतात पोहोचते, तिथली महत्त्वाची विकरे बंद पाडते आणि यकृताच्या पेशी ढासळतात.

अमेरिकेत ईरी सरोवराचे पाणी पिणाऱ्या टोलेडो शहरात ऑगस्ट २०१४ मध्ये हे विष थेट नळाच्या पाण्यात सापडले. चार लाखांहून अधिक लोकांना पाणी पिऊ नका, उकळूही नका, असे बजावावे लागले. तिथे निदान तपासणी होत होती, म्हणून लोकांना वेळेत कळले.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. हा प्रश्न घरच्या गॅसवर सुटणारा नाही. १९७३ मध्ये कॅनडातील शास्त्रज्ञांनी एका तळ्याचे पडद्याने दोन भाग केले. दोन्हीकडे नायट्रोजन आणि कार्बन टाकले, फॉस्फरस मात्र एकाच भागात. तोच भाग हिरवागार झाला. म्हणजे उपाय उगमाशीच आहे: सांडपाणी प्रक्रिया केल्याशिवाय तलावात सोडू नये. ज्या तलावाचे पाणी लोक पितात, त्याची या विषासाठी तपासणी व्हावी आणि निकाल वस्तीत फलकावर लागावा. ही मागणी आपण सर्वांच्या सह्यांनिशी, लेखी करावी आणि अर्जाची पोच घ्यावी.

तोवर हिरवा तवंग असलेले पाणी पिण्यास, स्वयंपाकास वापरू नका. त्यात मुलांना पोहू देऊ नका, गुरे-शेळ्यांना पाजू नका. दुसरीकडचे पाणी मिळवून देणे हे पालिकेचे, ग्रामपंचायतीचे काम आहे. ते हक्काने मागा.