संघाला शिक्षा कशासाठी?


‘खेळाडूला अटक होताच संघच बाद करा’ अशी मागणी करणारे पत्र वाचले, पटले नाही. मे २०१३ मध्ये स्पॉट-फिक्सिंग प्रकरणी राजस्थान रॉयल्स या क्रिकेट संघाच्या तीन खेळाडूंना – मुंबईचा फिरकीपटू अंकित चव्हाण, श्रीशांत आणि चंडिला यांना – अटक झाली. राजस्थान रॉयल्सने तिघांना निलंबित केले आणि उरलेल्यांनी आठवड्याभरात एलिमिनेटर जिंकून दाखवला. २०१५ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने तिघांनाही आरोपमुक्त केले. क्रिकेट मंडळाने बंदी मात्र तेव्हा उठवली नाही. संघावर दोन वर्षांची बंदी आली, ती सहमालक राज कुंद्रांच्या सट्टेबाजीपायी. फुटबॉलमध्ये अटक झालेला मँचेस्टर सिटीचा खेळाडू मेंडीही २०२३ मध्ये निर्दोष सुटला. पत्रलेखकाने निदान निकालापर्यंत तरी थांबावे.

– एक वाचक, कारंजा लाड (जि. वाशीम)